अर्ध्या पट्टीचा हिवाळा

सुमनचं पोट माठासारखं घट्ट झालं होतं आणि ती ग्लानीत मला आई म्हणत होती. मी तिची आई नाही, जाऊ आहे. सकाळचे नऊ वाजले होते, खिडकीतलं ऊन तिच्या पायांवर आलं होतं, तरी पाय गारच. मी पोटावर बोटानं टकटक केलं. तरबूज घेताना वाजवून बघतो तसा पोकळ आवाज आला. त्याआधी आठ दिवस ती दिवसातून दहा-बारा वेळा संडासला धावत होती, आणि गेले दोन दिवस एकदाही गेली नव्हती. मला वाटलं, आली ताळ्यावर. पोट बांधायच्या गोळ्या मीच दिल्या होत्या. आदल्या संध्याकाळी देवापुढे साखरेची वाटीसुद्धा ठेवली होती.

दवाखान्यात डॉक्टरनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला.

"जुलाब कधी थांबले?"

"परवा."

"आपोआप?"

"नाही. गोळी दिली."

"किसने दी?" डॉक्टर पोरगा मराठीच होता, नागपूरकडचा, पण राग आला की हिंदीवर जायचा.

"मी दिली."

"आजी, जुलाब थांबले नाहीत. आतडं थांबलंय. आतलं विष बाहेर पडत होतं, तुम्ही दार लावून घेतलंत."

माझा मुलगा मिलिंद मागे उभा होता. तो म्हणाला, "आई, तू बाहेर बस." मी बाहेर बसले नाही.

यंदाच्या थंडीत अन्नपूर्णेच्या देवळाच्या रस्त्यावर गराडूच्या गाड्या पुन्हा लागल्या आहेत. गराडू हा आमच्याकडचा थंडीतला कंद. तेलात दोनदा तळायचा, वर मसाला आणि लिंबू. इतर लोकांना त्या वासानं भूक लागते. माझं लक्ष घरातल्या संडासाच्या कडीकडे जातं. कडी वाजली की मी हातातलं काम थांबवते. सुमन आत किती वेळ आहे, बाहेर आल्यावर भिंत धरून चालते का, परत किती वेळानं जाते, हे सगळं मी बघते आणि बघत नसल्यासारखं करते. तिला कळतं. ती म्हणते, "ताई, एकदाच गेले. आणि नीट झालं. अजून काही सांगू?" मी म्हणते, "सांग, रंग कसा होता?" मग ती शिव्या घालते. शिव्या घातल्या की मला बरं वाटतं. ज्या दिवशी घालत नाही, त्या दिवशी माझा हात भाकरीवर ठरत नाही.

आम्ही दोघी एका घरात सून म्हणून आलो, चार वर्षांच्या अंतरानं. सासूबाईंचा एक नियम होता. घरात जे येईल ते अर्धं थोरलीचं, अर्धं धाकटीचं. आंबा आला तर मधून कापायचा, कोय एक दिवस हिला आणि एक दिवस तिला. एकदा मावशीनं एकच साडी पाठवली, तर सासूबाईंनी ती फाडून दोन परकर शिवायला लावले. माया वगैरे काही नव्हती त्यात, भांडण नको एवढंच. पुढे सासूबाई गेल्या, आमचे दोघींचे नवरे गेले, सुमनला मूल नव्हतं म्हणून ती आमच्यातच राहिली, आणि अर्ध्या-अर्ध्याची सवय तशीच राहिली. आम्ही डोकेदुखीची गोळीसुद्धा विळीवर ठेवून अर्धी करायचो.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर माझी दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरनं एक पट्टी लिहून दिली, दहा कॅप्सूलची, पाच दिवस घ्यायच्या. अडीच दिवसांत सूज उतरली. तेवढ्यात सुमनला खोकला झाला, छाती घरघरायला लागली. मी पट्टी कात्रीनं मधून कापली आणि उरलेल्या पाच कॅप्सूल तिला दिल्या. म्हटलं, "चांगली आहे. मला लागू पडली." तिनं घेतल्या. तिनं का विचारावं? मी दिलेलं ती कायम घेत आली होती.

खोकला गेला. तो बहुतेक असाही गेला असता, हे मला नंतर सांगण्यात आलं.

दहा-बारा दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले. मी दोष गराडूला दिला. रश्मीनं, म्हणजे मिलिंदच्या बायकोनं, घरी तळले होते आणि सुमननं दोन वाट्या खाल्ल्या होत्या. रश्मी उज्जैनची, हिंदीतच बोलते, माझं मराठी सगळं समजतं. ती म्हणाली, "मम्मीजी, सबने खाए, फिर अकेली काकीजी को ही क्यों?" प्रश्न बरोबर होता. मी तो ऐकला नाही. डाळिंबाची साल उगाळून दिली. दह्यात इसबगोल कालवून दिलं. वासाकडे मात्र माझं लक्ष गेलं होतं. मी घरातली म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं सगळी धुतली आहेत, मला कसली किळस येत नाही. हा वास वेगळा होता, गोडसर आणि कुबट, घोड्याच्या तबेल्यासारखा. तो पडद्यांना लागून राहायचा. तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले आणि म्हटलं, "भिया, पोट बांधायची गोळी दे." त्यानं दिली. इथे कोणीही देतं.

सुमनला दवाखान्यात टोकाच्या खोलीत ठेवलं. दोनच खाटा. दुसऱ्या खाटेवर देवासच्या एक बाई होत्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना बहनजी म्हणत. त्यांनाही हेच दुखणं, म्हणूनच दोघी एकत्र. त्यांची चाळीस वर्षं वर्ग सांभाळण्याची सवय गेली नव्हती. सलाईनची सुई लावायला आलेल्या नर्सला त्या म्हणायच्या, "पहले हाथ दिखाओ. दोनों तरफ से." आणि ती बिचारी दाखवायची.

डॉक्टर राग गेल्यावर चांगलं समजावून सांगायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी मला सगळं कळलं, कारण त्यानं जंतूचं इंग्रजी नाव एकदाच घेतलं आणि सोडून दिलं. तो म्हणाला, "आजी, पोटात आपले स्वतःचे जंतू असतात. कोट्यवधी. बहुतेक भले. तुमच्या त्या कॅप्सूलनं खोकल्याचं काय केलं देव जाणे, पण हे भले जंतू मारले. आता रिकाम्या शेतात आधी काय उगवतं?"

"गाजरगवत," मी म्हटलं.

"तेच झालंय. आणि या गवताचं बी टणक असतं. महिनोन्महिने फरशीवर, पलंगाच्या दांड्यावर पडून राहतं, मरत नाही. तुम्ही ते हाताला लावताय ना, सॅनिटायझर, त्यानं त्याला काही होत नाही. साबणानंही मरत नाही, पण वाहत्या पाण्याखाली चोळलं तर धुऊन जातं."

मी त्या बाटलीतलं चोळून चोळून सालं काढली होती हातांची. आमचं शहर सफाईत देशात पहिलं येतं. सकाळी कचऱ्याची गाडी आली की ओला वेगळा, सुका वेगळा, मी कधी चुकले नाही. आणि घरात मी आठ दिवस हे बी पोतेऱ्यानं या खोलीतून त्या खोलीत पसरत होते. मिलिंदला सियागंजच्या बाजारात पाठवून ब्लीचिंग पावडर आणवली आणि घर वरपासून खालपर्यंत धुतलं. दाराच्या कड्या, नळ, फोन, तिची जपमाळ. जपमाळेचा रंग गेला.

औषधाची एक गंमत होती. इंजेक्शनची कुपी यायची, पण टोचायची नाही. तिच्यातली पावडर पाण्यात घोळून नळीनं पोटात सोडायची, पुढे शुद्धीवर आल्यावर तोंडानं प्यायची. औषधाला आतड्यातच काम होतं, रक्तात नाही. दोन दिवस डॉक्टर तिच्या पोटाचा घेर फितीनं मोजत होता. आतडं असंच फुगत राहिलं तर कापून काढावं लागेल, म्हणाला. दोन्ही खाटांना एकच सांगितलं होतं. मी फितीकडे बघत बसायचे. शिंप्याची फीत, पिवळी.

तिसऱ्या दिवशी सुमनच्या पोटात गुडगुड झालं. बहनजी पडल्या पडल्या म्हणाल्या, "सुनो, इंजन चालू हुआ." सुमननं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुझे केस बघ जरा. वेडी दिसतेस." मी केस नीट केले.

त्याच दुपारी बहनजींना स्ट्रेचरवरून नेलं. ऑपरेशन करायचं ठरलं होतं. सुमनला झोप लागली होती. जाग आल्यावर तिनं रिकामी खाट पाहिली आणि विचारलं. मी म्हटलं, "मुलगा आला होता. देवासला घेऊन गेला." मी सहसा खोटं बोलत नाही. येत नाही म्हणून नाही, त्याचा हिशेब लक्षात ठेवायचा कंटाळा येतो. पण त्या दिवशी बोलले.

ती घरी आली. संक्रांतीला हलवा खाल्ला. मला वाटलं, संपलं. तीन आठवड्यांनी रश्मी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मम्मीजी, वो बास फिर आ रही है." मलाही आला होता. मी बोलले नव्हते इतकंच.

दुसऱ्यांदा तेच औषध, जास्त दिवस, हळूहळू कमी करत. औषध बंद झालं आणि दहा दिवसांत तिसऱ्यांदा. सुमन इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. ती चिडायची नाही, तेच वाईट. मी मुद्दाम मीठ जास्त टाकलं तरी खायची, किंवा खायची नाही, पण बोलायची नाही. रात्रंदिवस मला एकच वाटायचं. पट्टी एकच. अर्धी माझ्या पोटात गेली, अर्धी हिच्या. मला साधी गुरगुर झाली नाही. मी डॉक्टरला विचारलं, असं का?

तो म्हणाला, "खरं सांगू? पूर्ण कोणालाच माहीत नाही. काहींच्या पोटात हा जंतू राहतो आणि काहीच करत नाही. वाटतं असं, की भल्या जंतूंपैकी काही जण पित्तावर काम करतात, ते बदललेलं पित्त या जंतूला वाढू देत नाही. तुमच्याकडे ते जंतू उरले, काकूंकडे उरले नाहीत. नेमके कोणते, त्याच्यावरच जगभर संशोधन चाललंय. ते सापडले की तेवढेच मोजून कॅप्सूलमध्ये द्यायचे. बाहेरच्या देशात तशा कॅप्सूल निघाल्यापण आहेत. आपल्याकडे अजून सरसकट मिळत नाहीत."

"मग आपल्याकडे काय?"

"आपल्याकडे थोडं जुन्या पद्धतीनं. निरोगी माणसाचे जंतू घ्यायचे आणि यांच्या आतड्यात सोडायचे."

"निरोगी माणसाचे जंतू कुठून घेणार?"

त्यानं सांगितलं. मिलिंदनं भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, "माझी शी घ्या. कधी आणू?"

डॉक्टर हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "आजी, तुमचं वय जास्त. आणि तुम्ही पण त्याच कॅप्सूल घेतल्यात." म्हणजे मी नापास. मिलिंदला मधुमेह, तो नापास. रश्मीचं रक्त तपासलं, मल तपासला, दोन पानं भरून प्रश्न विचारले. परदेशी गेलात का, अंगावर गोंदलंय का, सहा महिन्यांत काय औषध घेतलं. सगळ्यात ती पास झाली. घरी येऊन ती पलंगावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "मम्मीजी, मायके में क्या बताऊँगी? कि ससुराल में मेरी कौन-सी चीज़ काम आई?"

आता सुमनला सांगायचं होतं. मिलिंद म्हणाला, नको सांगूस, नवीन औषध आहे म्हणू. सुमनचं सोवळं कडक. चतुर्थीला ती रश्मीच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही, तिचं ओलं फडकं पदराला लागलं तर पुन्हा आंघोळ. पण तिच्या पोटात काय घालायचं, हे एकदा मी तिला न विचारता ठरवलं होतं. पुन्हा ठरवणार नव्हते.

दुपारी तिच्या उशाशी बसले आणि सांगितलं. सरळ, जसं आहे तसं. ती छताकडे बघत राहिली.

"कोणाचं?"

"रश्मीचं."

"ती लसूण फार खाते."

"आठवडाभर खाऊ नको म्हणून सांगते."

"सांग. आणि ताई, गावभर करू नकोस. अन्नपूर्णेच्या भजनातल्या बायका प्रसाद घ्यायच्या नाहीत माझ्या हातचा."

"तू काय देतेस त्यांना? खडीसाखर."

"खडीसाखर पण नाही घ्यायच्या." मग कुशीवर वळली. "करून टाका काय ते. मला आता धुवून घ्यायचा कंटाळा आलाय. तुझा हात खरखरीत आहे."

त्या दिवशी सकाळी रश्मी डबा घेऊन गेली. दवाखान्यात त्याचं काय केलं ते मी पाहिलं नाही, मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात म्हणे. दुर्बिणीच्या नळीनं आत सोडलं. वेळ लागला तो वरण-भाताचा कुकर होण्याइतका. बाहेर आणल्यावर सुमन गुंगीत होती. रश्मी तिच्या डोक्याशी उभी होती, हात लावू की नको अशी. सुमननं डोळे न उघडता विचारलं, "कौन है?" रश्मी म्हणाली, "मैं हूँ, काकीजी." सुमन म्हणाली, "बैठ."

पाचव्या दिवशी वास नव्हता. मी मुद्दाम दार लावून आत उभी राहिले, लांब श्वास घेतला. नव्हता. मी कोणाला बोलले नाही. आधी एकदा साखर ठेवून झाली होती.

नंतर दोन हिवाळे गेले, हा तिसरा. डॉक्टरनं सांगितलंय, येण्याची शक्यता कमी झाली, संपली नाही. पुन्हा कधी जंतूंवरची गोळी घ्यायची वेळ आली तर आधी मला फोन करा, म्हणाला. त्याचा नंबर मी फ्रीजवर, देवघरात आणि सुमनच्या पाकिटात, असा तीन ठिकाणी चिकटवला आहे. गेल्या महिन्यात तिला ताप आला तर मी औषधवाल्याशी भांडून आले, त्यानं काही दिलं नव्हतं तरी. माझी दुसरी दाढ दुखते आहे. मी लवंग धरून बसले आहे. डॉक्टर म्हणेल, लागेल ते औषध घ्यायलाच हवं, घाबरून न घेणं हाही मूर्खपणा. बरोबर असेल. पण पट्टी घरात आली की माझे हात कात्रीकडे जातील असं मला वाटतं, साठ वर्षांची सवय आहे. म्हणून पट्टी घरात येऊच देत नाही. एकदा रश्मीनं पोरासाठी खोकल्याचं औषध आणलं, तर मी ती बाटली स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली. ती म्हणाली, "मम्मीजी, ये तो शहद है."

भीती अशीच राहणार, हे मी धरून चालले आहे. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस शांत होतो. मला तसा कोणी भेटला नाही.

परवा आम्ही दोघी गच्चीत उन्हात बसलो होतो. ती हरभरा सोलत होती. खालून गराडूचा वास येत होता. ती म्हणाली, "ताई, देवासच्या बहनजींना फोन करू या का? या दिवसांत आठवण येते."

दर हिवाळ्यात ती हे विचारते आणि मी टाळते; मला आणखी एक वर्ष रेटता आलं असतं. पण मी म्हटलं, "त्या गेल्या."

"कधी?"

"तेव्हाच. ऑपरेशनच्या टेबलावर."

ती सोलत राहिली. दोन-तीन घाटे फोडले, दाणे वाटीत टाकले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांची चप्पल पलंगाखालीच होती. देवासला काय अनवाणी गेल्या असत्या?"

"मग दर हिवाळ्यात विचारत का होतीस?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते."

तिनं वाटी माझ्याकडे सरकवली आणि निम्मे घाटे माझ्या ओटीत टाकले.

त्या खोलीत एकाच दुखण्याच्या दोन बायका होत्या. बहनजी वाचल्या नाहीत. सुमन वाचली.